अकाली जन्मलेले बालक आणि त्याचे कुटुंब : पदयात्रेपासून हक्कापर्यंत

गर्भधारणेचे ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेल्या बालकास अकाली किंवा मुदतपूर्व जन्मलेले बालक म्हणतात. जागतिक आरोग्य संघटना व तिच्या सहयोगी संस्थांच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बालके अशा रीतीने जन्माला आली. दर दहा जन्मांमागे एक, असे हे प्रमाण पडते. त्यांपैकी सुमारे ३० लाख बालके एकट्या भारतातील होती. नवजात बालकांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण म्हणून आज अकाली जन्म व त्यातून उद्भवणाऱ्या गुंतागुंतीकडे बोट दाखविले जाते.

या प्रश्नाचा अभ्यास बहुधा मृत्युदर, खाटांची संख्या आणि योजनांची नावे यांच्या आधारे केला जातो. तो आवश्यकच आहे. मात्र अकाली जन्मलेले बालक आठवडेच्या आठवडे रुग्णालयात राहते आणि तेवढे दिवस त्याचे कुटुंबही घर, मजुरी व इतर मुले सोडून त्या दाराशी बसलेले असते. त्या कुटुंबाला आधार कोणी द्यावयाचा? काही देशांत त्याचे उत्तर लोकांनी रस्त्यावर चालून, वर्गणी गोळा करून दिले. काही ठिकाणी त्या चालण्याचे पुढे कायद्यात रूपांतर झाले. भारतात याच्या नेमके उलट घडले आहे. येथे योजना आधी आल्या. कुटुंबाचा विचार त्यामागून येत आहे.

काही मूलभूत संज्ञा

अकाली जन्माचे तीन गट पाडले जातात. २८ आठवड्यांच्या आत जन्मलेली बालके अत्यंत अकाली, २८ ते ३२ आठवड्यांच्या दरम्यानची अति अकाली आणि ३२ ते ३७ आठवड्यांची मध्यम वा उशिराची अकाली मानली जातात. बहुसंख्य बालके तिसऱ्या गटातील असतात, हे विशेष ध्यानात ठेवावे. कारण त्यांना वाचविण्यासाठी महागड्या यंत्रांपेक्षा ऊब, आईचे दूध आणि जंतुसंसर्गापासून रक्षण यांचीच गरज प्रामुख्याने असते.

अकाली जन्म आणि कमी वजन या दोन संज्ञांत विद्यार्थ्यांची नेहमी गल्लत होते. जन्मतः २,५०० ग्रॅमपेक्षा कमी वजन असलेले बालक कमी वजनाचे होय. ते पूर्ण दिवसांचेही असू शकते. मातेच्या कुपोषणामुळे भारतात पूर्ण दिवसांची पण कमी वजनाची बालके मोठ्या संख्येने जन्मतात. एक संज्ञा काळाशी, तर दुसरी वजनाशी संबंधित आहे.

कारणांपैकी काही वैद्यकीय आहेत : मातेचा रक्तदाब, जंतुसंसर्ग, जुळी गर्भधारणा, दोन बाळंतपणांतील अपुरे अंतर. काही कारणे सामाजिक आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील ५२.२ टक्के गर्भवती स्त्रियांत रक्तक्षय आढळला आणि २० ते २४ वयोगटातील २३.३ टक्के स्त्रियांचे विवाह अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी झालेले होते. त्याच सर्वेक्षणात खाजगी रुग्णालयांतील ४७.४ टक्के प्रसूती शस्त्रक्रियेने झाल्याची नोंद आहे. शस्त्रक्रियेची तारीख सोयीने अलीकडे आणली गेली, तर बालकाच्या वाट्याचे दोन-तीन आठवडे कमी होतात. सातव्या महिन्यातील बाळ जगते, आठव्यातील जगत नाही, असा समज देशाच्या अनेक भागांत अजून ऐकू येतो. त्याला कोणताही शास्त्रीय आधार नाही. गर्भाशयात मिळालेला प्रत्येक अधिक आठवडा फुफ्फुसे व मेंदू यांच्या वाढीस पोषकच ठरतो.

दहा सेंटच्या नाण्यांपासून पदयात्रेपर्यंत

अकाली जन्मलेल्या बालकांसाठी काढल्या जाणाऱ्या निधिसंकलन पदयात्रांमध्ये अमेरिकेतील ‘मार्च ऑफ डाइम्स’ या संस्थेचे उदाहरण सर्वांत परिचित आहे. या संस्थेचा जन्म मात्र वेगळ्याच कारणासाठी झाला. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांना १९२१ मध्ये पोलिओने गाठले होते. त्यांच्या पुढाकाराने जानेवारी १९३८ मध्ये पोलिओच्या निर्मूलनासाठी एक राष्ट्रीय प्रतिष्ठान स्थापन झाले. एडी कँटर या विनोदी कलावंताने लोकांना आवाहन केले की, प्रत्येकाने एक डाइम, म्हणजे दहा सेंटचे नाणे, थेट राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी पाठवावे. त्या काळच्या एका लोकप्रिय वार्तापटाच्या नावावर कोटी करून त्याने या मोहिमेला ‘मार्च ऑफ डाइम्स’ म्हटले, आणि तेच नाव पुढे संस्थेला चिकटले. व्हाइट हाऊसच्या टपाल खोलीत नाण्यांच्या पाकिटांचा ढीग पडला. पंचवीस लाखांहून अधिक नाणी जमा झाली.

या पैशांतून जोनास साल्क यांच्या पोलिओ लसीच्या संशोधनाला बळ मिळाले. १९५४ मध्ये सुमारे १८ लाख मुलांचा समावेश असलेली चाचणी झाली आणि १२ एप्रिल १९५५ रोजी लस सुरक्षित व परिणामकारक असल्याचे जाहीर झाले. संस्थेचे उद्दिष्ट साध्य झाले होते. अशा वेळी संस्था बंद करावी की नवे काम हाती घ्यावे, हा प्रश्न पडतो. १९५८ मध्ये या संस्थेने जन्मजात व्यंगे आणि नवजात बालकांचे आरोग्य हे नवे क्षेत्र निवडले. जन्मल्याबरोबर बालकाची अवस्था मोजणारे ‘अपगार गुणांकन’ १९५३ मध्ये प्रसिद्ध करणाऱ्या डॉ. व्हर्जिनिया अपगार १९५९ मध्ये या संस्थेत दाखल झाल्या.

अकाली जन्माकडे अमेरिकेचे लक्ष वेधणारी घटना १९६३ सालची आहे. राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक त्या वर्षी ७ ऑगस्ट रोजी सुमारे साडेचौतीस आठवड्यांचा असताना जन्मला. त्याचे वजन दोन किलोंहून थोडे अधिक होते. फुफ्फुसे नीट उघडू न शकल्याने ३९ तासांनी त्याचा मृत्यू झाला. जगातील सर्वांत सामर्थ्यशाली घराण्यालाही तेव्हा काही करता आले नाही. फुफ्फुसांतील हवेच्या सूक्ष्म पिशव्या उघड्या ठेवणारा सर्फॅक्टंट हा पदार्थ अशा बालकांत कमी असतो, हे मेरी एलन अॅव्हरी व जेरे मीड यांनी १९५९ मध्ये दाखविले होते; परंतु तो बाहेरून देण्याचा यशस्वी प्रयोग जपानमधील फुजिवारा यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केला. न्यूझीलंडमधील लिगिन्स व हॉवी यांनी मातेला प्रसूतीपूर्वी स्टिरॉइडचे इंजेक्शन दिल्यास गर्भाची फुफ्फुसे लवकर परिपक्व होतात, असे १९७२ मध्ये सिद्ध केले. आज साडेचौतीस आठवड्यांचे बालक जिल्हा रुग्णालयातही वाचते.

मार्च ऑफ डाइम्सची पदयात्रा १९७० मध्ये ‘वॉकअमेरिका’ या नावाने सुरू झाली. २००८ पासून ती ‘मार्च फॉर बेबीज’ म्हणून ओळखली जाते. तिची पद्धत साधी आहे. चालणारा आपल्या शेजाऱ्यांकडून, नातेवाइकांकडून, कचेरीतील सहकाऱ्यांकडून वचन घेतो की, आपण इतके मैल चाललो तर त्यांनी संस्थेला इतकी रक्कम द्यावी. चालणे हे निमित्त असते. वर्गणी मागण्याचा संकोच त्यामुळे दूर होतो. यात अकाली जन्मलेल्या मुलांची कुटुंबे एकत्रितपणे चालतात. कोणाचे मूल हाताला धरून चालत असते, तर कोणाच्या सदऱ्यावर न वाचलेल्या मुलाचे नाव लिहिलेले असते. आपल्यासारखेच दुसरे कोणी आहे, हे त्या कुटुंबांना तेथे प्रथमच कळते. या एका गोष्टीचे मोल जमलेल्या निधीइतकेच मानावे लागेल.

या निधीतून संशोधनाला मदत झाली. २००१ मध्ये नवजात शिशू अतिदक्षता विभागांतील कुटुंबांना आधार देण्याचा स्वतंत्र कार्यक्रम या संस्थेने सुरू केला. यंत्रावरील आकडे काय सांगतात, बाळाला स्पर्श कसा करावा, घरी नेताना कोणती तयारी ठेवावी, हे पालकांना समजावून सांगणारी माणसे विभागातच नेमण्यात आली. २००३ मध्ये अकाली जन्मांविरुद्ध राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आणि २००६ मध्ये अमेरिकी काँग्रेसने अकाली जन्मांवरील संशोधन व शिक्षणासाठी ‘प्रीमी अॅक्ट’ संमत केला.

एवढे होऊनही अमेरिकेतील अकाली जन्मांचे प्रमाण अपेक्षेप्रमाणे घटलेले नाही. ते २०१४ मध्ये ९.६ टक्के होते, २०२१ मध्ये १०.५ टक्क्यांवर गेले आणि २०२३ मध्ये १०.४ टक्के राहिले. कृष्णवर्णीय मातांमध्ये ते गोऱ्या मातांपेक्षा बरेच अधिक आहे. विमा नसणे, दारिद्र्य आणि भेदभाव ही कारणे वर्गणीने दूर होत नाहीत. शिवाय अमेरिकेत राष्ट्रीय पातळीवर सवेतन प्रसूती रजेचा कायदाच नाही. १९९३ च्या कायद्याने पात्र कर्मचाऱ्यांना १२ आठवड्यांची बिनपगारी रजा मिळते. बाळ दहा आठवडे काचेच्या पेटीत राहिले, तर ते घरी येते तेव्हा आईची रजा संपत आलेली असते. येथे पदयात्रेची मर्यादा स्पष्ट दिसते.

ब्रिटनने निवडलेला मार्ग

ब्रिटनमध्ये १९७९ पासून ‘ब्लिस’ ही धर्मादाय संस्था अकाली व आजारी नवजात बालकांसाठी कार्य करते. रजेच्या प्रश्नावर या संस्थेने आणि पालकांनी दीर्घकाळ पाठपुरावा केला. त्यातून नवजात शिशू काळजी (रजा व वेतन) कायदा, २०२३ संमत झाला आणि ६ एप्रिल २०२५ पासून इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्स येथे त्याची अंमलबजावणी सुरू झाली. जन्मापासून २८ दिवसांच्या आत बालकास दाखल करावे लागले आणि सलग सात दिवस वा अधिक उपचार घ्यावे लागले, तर माता व पिता दोघांनाही नेहमीच्या रजेव्यतिरिक्त कमाल १२ आठवडे रजा मिळते. येथे कुटुंबाची गरज कोणाच्या औदार्यावर न ठेवता तिला हक्काचे स्वरूप देण्यात आले.

भारतीय व्यवस्थेची रचना

भारतात पदयात्रा ही काही नवी गोष्ट नाही. १९३० ची दांडी यात्रा एका अन्यायी कराविरुद्ध होती, तर १९५१ पासूनच्या भूदान यात्रेत विनोबांनी भूमिहीनांसाठी जमीन मागितली. प्रति मैल वर्गणी ही कल्पना येथे बरीच उशिरा आली. २००४ मध्ये सुरू झालेल्या मुंबई मॅरेथॉनमध्ये धावपटू स्वयंसेवी संस्थांसाठी निधी गोळा करतात. १७ नोव्हेंबर या जागतिक अकाली जन्म दिनाच्या सुमारास अनेक शहरांत रुग्णालये व डॉक्टरांच्या संघटना पदयात्रा काढतात. १५ ते २१ नोव्हेंबर हा भारतात राष्ट्रीय नवजात शिशू सप्ताह म्हणूनही पाळला जातो. तथापि भारतातील अकाली जन्मलेल्या बालकांचा मुख्य भार सार्वजनिक आरोग्य यंत्रणेवर आहे, आणि ती यंत्रणा गेल्या दोन दशकांत पायरीपायरीने उभी राहिली आहे.

१२ एप्रिल २००५ रोजी सुरू झालेल्या जननी सुरक्षा योजनेने गरीब स्त्रियांना रुग्णालयात प्रसूतीसाठी रोख साहाय्य दिले. १ जून २०११ रोजी सुरू झालेला जननी शिशू सुरक्षा कार्यक्रम त्याहून वेगळा आहे. यात रोख रक्कम नसून सरकारी रुग्णालयातील प्रसूती, औषधे, तपासण्या, रक्त, आहार व वाहतूक निःशुल्क करण्यात आली. आजारी नवजात बालकास प्रथम ३० दिवसांपर्यंत असलेला हा लाभ पुढे एक वर्षापर्यंत वाढविण्यात आला. पहिल्या योजनेत प्रोत्साहन आहे, दुसऱ्यात हक्क आहे. परीक्षेत विचारला जाणारा फरक हाच.

नवजात बालकांच्या उपचारांची उतरंड तीन स्तरांची आहे. प्रत्येक प्रसूतिस्थळी नवजात शिशू काळजी कोपरा, त्यावर प्रथम संदर्भ केंद्रात स्थिरीकरण कक्ष आणि जिल्हा पातळीवर विशेष नवजात शिशू काळजी कक्ष, म्हणजे एसएनसीयू. पश्चिम बंगालमधील पुरुलिया जिल्हा रुग्णालयात २००३ मध्ये झालेला प्रयोग हा या जिल्हास्तरीय कक्षांचा आदर्श ठरला. आज देशात अशा कक्षांची संख्या हजाराच्या घरात आहे. साधारणपणे १,८०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाची किंवा ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेली बालके येथे दाखल केली जातात.

सप्टेंबर २०१४ मध्ये जाहीर झालेल्या भारतीय नवजात शिशू कृती आराखड्याने २०३० पर्यंत नवजात मृत्युदर एक अंकी करण्याचे उद्दिष्ट ठेवले. शाश्वत विकास उद्दिष्टांतील मर्यादा हजारी १२ आहे. भारताने स्वतःसाठी त्याहून कठोर मर्यादा घालून घेतली. नमुना नोंदणी पद्धतीनुसार २०२१ मध्ये देशाचा नवजात मृत्युदर हजारी १९ होता. राज्याराज्यांतील अंतर याहून अधिक बोलके आहे. २०२० मध्ये अर्भक मृत्युदर केरळात ६, तर मध्य प्रदेशात ४३ होता.

दाराबाहेरची आई

या कक्षांच्या उभारणीत एक त्रुटी प्रारंभापासून राहिली. बालक आत आणि आई बाहेर, अशी मांडणी जवळजवळ सर्वत्र झाली. जंतुसंसर्गाची भीती हे त्याचे कारण सांगितले जाई. परिणामी प्रसूतीने थकलेली स्त्री व्हरांड्यात चादर टाकून बसे, दिवसातून काही वेळा दूध काढून परिचारिकेच्या हाती देई आणि बाळाचे दर्शन काचेतून घेई. जननी शिशू सुरक्षा कार्यक्रमाच्या मूळ तरतुदीत मातेला आहार सामान्य प्रसूतीत ३ दिवस आणि शस्त्रक्रियेनंतर ७ दिवस असा होता. पूर्ण दिवसांच्या बाळंतपणाला ते पुरेसे आहे. तीस आठवड्यांच्या बालकाच्या आईला महिनाभर थांबावे लागते. योजना आखताना बालकाला रुग्ण मानले गेले. त्याची आई ही त्याच्या उपचाराचाच भाग आहे, हे पुरेसे ओळखले गेले नाही.

ही जाणीव कोलंबियातून आली. बोगोटा येथील सरकारी प्रसूती रुग्णालयात काचेच्या पेट्या अपुऱ्या पडत. १९७८-७९ मध्ये डॉ. एडगर रे आणि डॉ. हेक्टर मार्टिनेझ यांनी अकाली जन्मलेली बालके आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्यास सुरुवात केली. कांगारू मातृसेवा ती हीच. टंचाईतून सुचलेला उपाय पुढे यंत्रापेक्षा सरस ठरला. भारत, घाना, मलावी, नायजेरिया व टांझानिया येथील पाच रुग्णालयांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १ ते १.८ किलो वजनाच्या बालकांना जन्मानंतर लगेच, प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता, कांगारू सेवा दिली गेली. पहिल्या २८ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. भारतातील केंद्र नवी दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय होते. लगेच कांगारू सेवा द्यावयाची तर आईला आतच राहावे लागते. म्हणून तेथे माता आणि नवजात बालक एकत्र राहतील असा अतिदक्षता विभाग तयार करण्यात आला. नोव्हेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या शिफारशींत जन्मानंतर त्वरित कांगारू सेवा देण्यास स्थान दिले आणि त्याच दस्तऐवजात कुटुंबाचा सहभाग, कुटुंबाला आधार व पालकांची रजा यांचाही समावेश केला.

दिल्लीतील राम मनोहर लोहिया रुग्णालयात याआधीच आणखी एक प्रयोग झाला होता. तेथे पालकांना हात धुणे, बाळाला स्वच्छ करणे, नळीने दूध पाजणे आणि धोक्याची लक्षणे ओळखणे शिकवून कक्षात प्रवेश देण्यात आला. जंतुसंसर्ग वाढेल ही शंका खरी ठरली नाही. या अनुभवाच्या आधारे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१७ मध्ये कुटुंब सहभागी काळजीची मार्गदर्शक तत्त्वे काढली. वडील, आजी किंवा मावशीही बाळाला छातीशी धरू शकते, हे त्यात मान्य झाले. सुनेच्या बाळंतपणात सासूचा शब्द अखेरचा असतो, अशा घरांत आजीला कक्षात शिकविणे किती उपयोगी पडते, हे वेगळे सांगावयास नको.

महाराष्ट्राने या क्षेत्रात दोन महत्त्वाचे धडे दिले आहेत. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. ज्या बालकाच्या आईला दूध येत नाही, त्याला दुसऱ्या मातेचे निर्जंतुक केलेले दूध तेथून मिळते. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील स्त्रियांना प्रशिक्षण देऊन नवजात बालकांची घरोघरी काळजी घेतली. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ३९ गावांतील नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाला. २०११ मध्ये देशभर सुरू झालेल्या गृहाधारित नवजात शिशू काळजी कार्यक्रमाचे मूळ येथे आहे. त्यानुसार आशा कार्यकर्ती रुग्णालयातील प्रसूतीनंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी भेट देते; घरी प्रसूती झाल्यास पहिल्या दिवसाची भेट वाढते.

हे वेळापत्रक पूर्ण दिवसांच्या बालकाला अनुरूप आहे. पाच आठवडे कक्षात राहिलेल्या बालकाच्या बाबतीत यांतील बहुतेक तारखा रुग्णालयातच उलटून जातात. म्हणून कक्षातून सुटी झाल्याची वार्ता गावातील आशापर्यंत त्याच दिवशी पोहोचणे आणि भेटींची मोजणी सुटीच्या दिवसापासून होणे अत्यावश्यक ठरते.

रजा, मजुरी आणि प्रवासखर्च

प्रसूती लाभ अधिनियम, १९६१ मध्ये २०१७ साली दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठी सवेतन रजा २६ आठवडे झाली. त्याच अधिनियमाच्या कलम १० कडे मात्र फारसे लक्ष जात नाही. गर्भधारणा, प्रसूती किंवा बालकाचा अकाली जन्म यांतून आजारपण आल्यास मातेला आणखी एक महिन्यापर्यंत सवेतन रजा घेण्याची मुभा त्यात होती, आणि सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही ती तरतूद आली आहे. तिचा निकष मातेचे आजारपण हा आहे. बालक कक्षात आहे एवढ्याच कारणाने ती रजा मिळत नाही. ब्रिटनच्या कायद्याशी तुलना करता हा फरक ठळकपणे समोर येतो.

शेतमजूर, वीटभट्टी कामगार, ऊसतोडणीस जाणारी जोडपी यांना तर रजा ही कल्पनाच लागू नाही. पंतप्रधान मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये मिळतात. बालक अकाली जन्मले की पूर्ण दिवसांचे, असा भेद त्या रकमेत नाही. उपचार निःशुल्क असले, तरी आईजवळ थांबलेल्या पित्याची मजुरी बुडते, घरी राहिलेल्या थोरल्या मुलांसाठी कोणाला तरी बोलवावे लागते, आणि जिल्ह्याच्या गावी रोजचा चहा-भाकरीचा खर्च असतोच. अनेक बालके डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेली जातात, त्यामागे अज्ञानापेक्षा हा हिशेब असतो.

लोकवर्गणीला खरा वाव येथेच आहे. यंत्रे, औषधे व परिचारिका यांचा खर्च शासनाने करावयाचा आहे आणि तो पदयात्रेच्या पैशांतून भागविण्याचा प्रयत्न शासनाची जबाबदारी सैल करणारा ठरेल. परंतु रुग्णालयाच्या आवारात नातेवाइकांसाठी निवारा, आईला महिनाभर दोन वेळचे जेवण, पूर्वी याच प्रसंगातून गेलेल्या मातांनी नव्या मातांशी बोलण्याची सोय, फेरतपासणीसाठी प्रवासखर्च या गोष्टी अंदाजपत्रकाच्या शीर्षकांत सहजी बसत नाहीत. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ नुसार विशिष्ट मर्यादेवरील कंपन्यांनी सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सामाजिक कार्यावर खर्च करावयाचे असतात आणि आरोग्यसेवा हा त्यातील मान्य विषय आहे. एखाद्या पदयात्रेचे यश किती हजार लोक चालले यावर मोजण्याऐवजी, त्या वर्षी जिल्हा रुग्णालयातील किती माता शेवटपर्यंत बाळाजवळ राहू शकल्या, यावर मोजणे अधिक योग्य होईल.

चौथ्या आठवड्यातील तपासणी

अकाली जन्मलेल्या बालकाच्या डोळ्यांतील दृष्टिपटलाच्या रक्तवाहिन्या अपक्व असतात. प्राणवायू अनियंत्रितपणे दिला गेल्यास, तसेच इतर काही कारणांनी, त्या वेड्यावाकड्या वाढतात आणि दृष्टिपटल सुटून कायमचे अंधत्व येते. या विकारास अकाली जन्मजन्य दृष्टिपटलविकार म्हणतात. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातील ३० आरोग्य समस्यांत त्याचा समावेश आहे. ३४ आठवड्यांपूर्वी किंवा २,००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाने जन्मलेल्या बालकाचे डोळे जन्मानंतर सुमारे चार आठवड्यांनी तज्ज्ञाकडून तपासून घ्यावे लागतात. उपचाराची गरज आढळली, तर तो दोन-तीन दिवसांतच व्हावा लागतो. त्यानंतरच्या विलंबाची भरपाई कोणत्याही शस्त्रक्रियेने पूर्णपणे होत नाही.

बहुतेक बालके तोवर घरी गेलेली असतात. बाळ दूध ओढू लागलेले असते, वजन वाढत असते आणि वरून पाहता डोळे अगदी निर्मळ दिसतात. तपासणी करणारा तज्ज्ञ मात्र जिल्ह्याच्या गावी, कधी शेजारच्या जिल्ह्यात असतो. आजारी बालकाला रुग्णालयात आणण्यासाठी निःशुल्क वाहन आहे. आजारी न दिसणाऱ्या बालकाच्या ठरलेल्या तपासणीसाठीचा प्रवास बहुधा कुटुंबालाच करावा लागतो. सुटीच्या कागदावर लिहिलेली ती तारीख आईला वाचून दाखविली गेली की नाही, ती आशाच्या वहीत उतरली की नाही, आणि त्या दिवशी मजुरी सोडून एसटीचे भाडे देण्याइतके पैसे घरात होते की नाही, यांवर ते मूल पुढे पाहू शकेल की नाही हे ठरते.